नोकरी सुटून बरेच महिने झाले असतील तर: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबासाठी उत्पन्न पुन्हा उभे करण्याच्या पायऱ्या

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षे स्टोअर्समध्ये काम केले. कंपनीने उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवले आणि आम्ही चाळीसेक माणसे एकाच महिन्यात घरी बसलो. दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे कुठेतरी लागेन असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सतरा महिने गेले. त्यातले पहिले सात महिने मी एका चुकीच्या समजुतीत घालवले. नोकरी मिळाली की कमाई सुरू होईल, तोवर अर्ज करायचे आणि फोनची वाट पाहायची, अशी ती समजूत होती. नोकरी शोधणे आणि घरात पैसे आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही एकाच आठवड्यात शेजारी-शेजारी चालवावी लागतात, हे मला आठव्या महिन्यात उमगले. ज्यांना घरी बसून तीन-चार महिने उलटून गेले आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, मी ज्या क्रमाने या गोष्टी करायला हव्या होत्या त्या क्रमाने येथे लिहीत आहे.

आधी आपले येणे वसूल करावे

हातात नवा पैसा येण्याआधी जुना, हक्काचा पैसा किती अडकला आहे ते पाहावे. जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे प्रमाणपत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या येण्या-देण्याचा, लेखी हिशेब मागून घ्यावा. मागणी तोंडी न करता ईमेलने करावी, म्हणजे तारखेची नोंद राहते. कंपनी बंद होत असेल तर ही घाई विशेष करावी, कारण सहा महिन्यांनी तिथे सही करणारा माणूसही उरत नाही.

सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. हिशेब सोपा आहे: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज करावी, तिला २६ने भागावे, १५ने गुणावे आणि येणाऱ्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणावे. ही बेरीज २६,००० रुपये असेल आणि नोकरी बारा वर्षांची असेल, तर १ लाख ८० हजार रुपये निघतात. रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. ती टाळली जात असेल तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगारांना, तसेच स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळू शकते आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत बहुतेकांचे अर्ज पैशांमुळे अडत नाहीत, ते नोंदींमुळे अडतात. आधार कार्डावरचे नाव आणि कंपनीने भरलेले नाव यांत एका अक्षराचा फरक असला, वडिलांच्या नावाची जागा चुकली असली किंवा नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसली, तर अर्ज परत येतो. माझ्या खात्यात ही तारीख कंपनीने टाकली नव्हती. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती सभासदाला स्वतः यूएएन (निधीचा कायमचा सभासद क्रमांक) खात्यातून भरता येते, हे मला चार महिने माहीतच नव्हते. निधीचा किती भाग लगेच आणि किती थांबून काढता येतो, याचे नियम सरकार बदलत आले आहे. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावरचा नियम वाचूनच रक्कम ठरवावी. एकूण नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी असेल आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल, तर त्यावर सहसा कर कापला जातो. पेन्शनचा भाग मात्र घाईने काढू नये. दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि आठ-नऊ वर्षे भरली असतील तर ती सेवा पुढच्या नोकरीत जोडून घेण्यासाठी स्कीम सर्टिफिकेट घेता येते.

ज्यांचा पगार दरमहा २१ हजारांच्या आत होता आणि ज्यांची ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात होती, त्यांनी अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी अवश्य करावी. पात्र ठरल्यास सरासरी वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो आणि योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. माझ्या ओळखीतल्या हेल्पर आणि पॅकिंगवाल्या मुलांपैकी एकालाही ही योजना कोणी सांगितली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

वर्षाच्या मध्येच नोकरी गेली असेल तर पगारातून कापलेला प्राप्तिकर बहुधा जास्त कापला गेलेला असतो, कारण कंपनीने वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरलेला असतो. विवरणपत्र भरले की तो परत मिळतो. उत्पन्नच थांबले म्हणून विवरणपत्र न भरणारी माणसे स्वतःचेच पैसे सोडून देतात.

कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तीच विमा कंपनी वैयक्तिक पॉलिसी देते का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारावे. ते राहून गेले असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. आपल्या भागातले कोणते रुग्णालय तिच्यात आहे हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवावे आणि शिधापत्रिकेवरची नावे-पत्ते अद्ययावत करून घ्यावेत.

घराच्या हिशेबाची वही

माझ्या पत्नीने दोनशे पानांची एक लांब वही आणली आणि मधोमध रेघ मारून तिचे दोन भाग केले. डावीकडे 'थांबवता न येणारे' आणि उजवीकडे 'थांबवता येणारे'. डाव्या बाजूला घराचा हप्ता, सोसायटीचे मेंटेनन्स, वीज, गॅस, किराणा, दूध, आईची रक्तदाबाची औषधे आणि मुलीची फी एवढेच आले. उरलेले सगळे उजवीकडे गेले. मग हातातली शिल्लक भागिले डावीकडची बेरीज, असे करून आम्ही किती महिने तग धरू शकतो हे काढले. उत्तर नऊ महिने आले. हा आकडा माहीत नसताना मला रोज रात्री धडधडत असे. आकडा समोर आल्यावर भीती संपली नाही, पण तिला एक तारीख मिळाली, आणि तारखेपर्यंतची कामे ठरवता येतात.

गृहकर्ज असेल तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे. शाखा व्यवस्थापकाला नोकरी सुटल्याचे पत्र दाखवून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याविषयी लेखी अर्ज द्यावा. बँक मान्य करेलच असे नाही, तरी हप्ते थकल्यावर जाणाऱ्यापेक्षा आधी जाणाऱ्याचे म्हणणे जास्त ऐकले जाते. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर बँक सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस काढू शकते. म्हणून पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून दिवस मोजत राहावेत.

क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत आधी मिटवावी, कारण तिच्यावरचे व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जाते. भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. निधीला हात लावू नये असे मी एरवी म्हणेन, पण कार्डाचे कर्ज साठत असेल तर निधीतून ते मिटवणे हिशेबाने बरोबर आहे. झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपच्या वाटेला कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. ती तुमच्या फोनमधली सगळी नावे आणि फोटो उचलतात, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना घाणेरडे संदेश पाठवतात. घरातले थोडे सोने बँकेत ठेवून घेतलेले कर्ज याहून कितीतरी बरे.

आयुर्विम्याची पॉलिसी घाबरून सरेंडर करू नये. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्यासाठी साधारण महिनाभराची सवलतीची मुदत असते, आणि बंद पडलेली पॉलिसीही काही वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते.

सांगणे

मी सात महिने बिल्डिंगमध्ये कुणालाही सांगितले नाही. सकाळी ठरल्या वेळी डबा घेऊन कळव्याहून ठाण्याला जायचो आणि संध्याकाळी परतायचो. पत्नीला खरे माहीत होते, पण आईला आणि शेजाऱ्यांना नव्हते. एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी लिफ्टपाशी थांबवून विचारले, "काय हो, हल्ली शनिवारीही ऑफिस असतं वाटतं?" मला खोटे बोलता आले नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, मग आधी नाही का सांगायचंत? आपल्या सोसायटीचे हिशेब लिहायला माणूस मिळत नाहीये. महिन्याला चार दिवसांचं काम आहे. बघा, जमतंय का." दरमहा तीन हजार रुपयांचे ते काम माझ्या घरापासून पन्नास पावलांवर सात महिने पडून होते.

म्हणून ही पायरी मी कामाच्या शोधाच्या आधी ठेवतो. घरात सगळ्यांना, दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही, साध्या शब्दांत सांगावे; मुलांना तसेही कळलेले असते आणि न सांगितल्याने ती जास्त घाबरतात. बाहेर सांगताना "काही असेल तर बघा" असे मोघम बोलू नये. "मी स्टोअर्स, खरेदी आणि जीएसटीची बिले पाहतो, अर्धवेळ कामही चालेल, रबाळे ते तुर्भे कुठेही येईन" असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोक्यात एखादे नाव येते. शिवाय शोध केवळ मोठ्या पदावरच्या ओळखींकडे नेऊ नये. माझे पहिले बाहेरचे काम कोणत्याही मॅनेजरने दिले नाही. आमच्याकडे माल उतरवायला येणाऱ्या टेम्पोवाल्याने रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाला माझे नाव सांगितले. ३१ मार्चपूर्वी त्यांच्या गोदामातला माल मोजून यादी करायची होती. दोन दिवसांचे अडीच हजार मिळाले आणि पुढे तिथेच दर महिन्याचे काम लागले.

दिवसाची आखणी

घरी बसल्यावर वेळ मोकळा मिळतो असे वाटते, पण दिवस असाच विरून जातो. सकाळचे तीन तास नोकरीच्या शोधाला आणि दुपारनंतरचे चार तास कमाईच्या कामाला, अशी विभागणी मला मानवली. घरात जागा किंवा शांतता नसेल तर वाचनालयात बसावे. ठाण्यातले मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. अशा ठिकाणी वर्तमानपत्रे वाचायला मिळतात आणि आजूबाजूला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले असली की आपलीही पाठ ताठ राहते. आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष पायपिटीसाठी ठेवावा, कारण औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांच्या जागा कुठल्याही संकेतस्थळावर येत नाहीत, त्या गेटवरच्या कागदावर असतात.

मनाविषयी येथेच लिहितो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून झोप उडते, माणसे टाळावीशी वाटतात, बायकोने साधे "काही फोन आला का?" विचारले तरी राग येतो. याला आळस किंवा कमकुवतपणा समजू नये, आणि दारूने तर ते दर वेळी वाढतेच. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. ठाण्यातल्या १९०१ साली सुरू झालेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप न येणारी, धास्तावलेली साधी माणसेही येतात. घरातल्या माणसाच्या तोंडून "मी नसतो तर बरं झालं असतं" असे वाक्य निघाले, तर त्याला त्या दिवशी एकटे सोडू नये आणि लगेच फोन लावावा.

नोकरीचा शोध, आपल्या भागाप्रमाणे

आपण जिथे राहतो तिथला उद्योग बदलला आहे, हे आधी मान्य करावे लागते. वागळे इस्टेटमधल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता कार्यालये, निवासी मनोरे आणि गोदामे आली आहेत. ऐरोली, रबाळे आणि महापे येथे डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. त्यांना संगणकवाल्यांइतकीच वीज, जनरेटर आणि वातानुकूलन सांभाळणारी माणसे पाळ्यांमध्ये लागतात. कारखान्यात देखभाल विभागात काम केलेल्या इलेक्ट्रिशियनने वायरमनचा किंवा सुपरवायझरचा परवाना काढून ठेवला, तर त्याचा अनुभव येथे थेट उपयोगी पडतो. भिवंडीची गोदामे आणि उरणकडचा बंदरपट्टा स्टोअर्स व डिस्पॅचवाल्यांसाठी आहे. वाशीच्या एपीएमसीतल्या (कृषी उत्पन्न बाजार समिती) भाजीपाला, फळे, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य या पाचही बाजारांत गाळेवाल्यांना हिशेब लिहिणारी, माल उतरवून घेणारी माणसे लागतात; भाजीबाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो, म्हणून तिथे चौकशीला दुपारी जाऊन उपयोग नाही.

राज्य सरकारच्या महास्वयम आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही संकेतस्थळांवर नोंदणी मोफत आहे. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून भरणाऱ्या रोजगार मेळाव्यांची माहिती त्यांतून कळते. मेळाव्यात बायोडेटाच्या पंधरा-वीस प्रती न्याव्यात आणि मोठ्या नावाच्या टेबलापुढची रांग धरण्याआधी मध्यम कंपन्यांची टेबले उरकावीत. घरात बारावी, आयटीआय किंवा पदवी झालेला मुलगा वा मुलगी बसून असेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची चौकशी करावी. १८ ते ३५ वयोगटासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले गेले. प्रशिक्षण संपल्यावर तिथेच नोकरी लागेल असे मात्र गृहीत धरू नये.

मुलाखतीत "मधली वर्षे काय केले?" हा प्रश्न हमखास येतो. तारखा लपवू नयेत, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतून त्या दिसतातच. मी बायोडेटामध्ये त्या महिन्यांपुढे 'गृहनिर्माण संस्थेचे हिशेब व दोन लघुउद्योगांसाठी माल मोजणी' असे लिहिले, आणि त्यानंतर तो प्रश्न दोन वाक्यांत मिटू लागला. कमाईची छोटी कामे लवकर सुरू करण्याचे हे आणखी एक कारण आहे. पंचेचाळिशीनंतर पगार कमी सांगितला जातो. किमान किती घ्यायचा हे घरच्या वहीतल्या डाव्या बाजूवरून आधीच ठरवून जावे, समोरच्या खुर्चीत बसल्यावर ठरवू नये.

घरात रोजचे पैसे आणण्याचे मार्ग

सर्वांत लवकर पैसे देणारी कामे म्हणजे पार्सल पोहोचवणे, दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवणे, दुकानात सणासुदीला उभे राहणे. यांत कमीपणा नाही. फक्त पेट्रोल, गाडीची झीज आणि अपघाताचा धोका वजा करूनच दिवसाची कमाई मोजावी, आणि रिक्षासाठी परवाना व बॅज या बाबी ठाणे किंवा नवी मुंबईच्या आरटीओत स्वतः जाऊन समजून घ्याव्यात.

याहून टिकाऊ काम आपल्या जुन्या कौशल्यातून निघते. दहा माणसांच्या कारखान्याला पूर्णवेळ स्टोअरकीपर परवडत नाही, पण आठवड्यातून एक दिवस येऊन आवक-जावक लिहिणारा, बिन कार्डे (प्रत्येक कप्प्यातल्या मालाची नोंद) लावून देणारा, मालवाहतुकीचे ई-वे बिल काढणारा माणूस त्याला हवाच असतो. गुणवत्ता तपासणी, मशीन देखभाल, पगारपत्रक, ड्रॉइंग या सगळ्यांचे असे तुकडे करता येतात. तीन-चार कारखाने धरले की अर्धा पगार उभा राहतो. दर ठरवताना मी महिन्याचा जुना पगार २६ने भागला आणि त्यात प्रवास व जेवण मिळवले. पहिले काम फुकट करून देऊ नये. कमी दरात करावे, पण पैसे घेऊनच करावे.

घरातून चालणाऱ्या व्यवसायांत ठाणे-नवी मुंबईत पोळी-भाजीला खात्रीचे गिऱ्हाईक आहे, कारण दोघेही नोकरी करणारी कुटुंबे आणि एकटे राहणारे तरुण येथे गल्लोगल्ली आहेत. येथे चूक होते ती किंमत ठरवताना. माझ्या पत्नीने आणि तिच्या जावेने सुरुवातीला केलेला हिशेब असा होता: दिवसाला १०० पोळ्या, नऊ रुपयांप्रमाणे ९०० रुपये, तीन किलो पिठाचे १३५ आणि तेल-तुपाचे ६० गेले, म्हणजे ७०५ रुपये उरले. महिन्याअखेरीस पैसे कमी का पडतात म्हणून आम्ही पुन्हा बसलो. गॅसचे ७०, कागद-पिशव्यांचे ५० आणि पोहोचवण्याचे ६० रुपये कुणी धरलेच नव्हते. खरी शिल्लक ५२५ निघाली, म्हणजे पंचवीस दिवसांचे १३,१२५ रुपये, तेही दोघींच्या रोजच्या तीन-तीन तासांच्या कामाचे. यातून दोघींनी दोन निर्णय घेतले: दोन किलोमीटरच्या पलीकडे पोहोचवायचे नाही, आणि पोळीबरोबर सुकी भाजी द्यायची, कारण भाजीत पैसे जास्त सुटतात. सणाला पुरणपोळी आणि उकडीचे मोदक आगाऊ पैसे घेऊनच केले.

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मूलभूत नोंदणी आवश्यक आहे. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये असते आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर पूर्ण मोफत होते. तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळे आहेत, त्यांपासून सावध राहावे.

शिकवण्या, शिलाई, ज्येष्ठांना दवाखान्यात ने-आण करणे, सोसायट्यांची व्यवस्थापकी ही कामेही आपल्याकडे चालतात. कोणते निवडावे याला माझा एकच निकष आहे: पहिले गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर सापडते का?

कर्ज कधी घ्यावे

बेकारीत कर्ज काढून दुकान टाकणारी आणि वर्षभरात दुप्पट अडचणीत येणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. ग्रॅच्युइटीचा पूर्ण पैसा एखाद्या फ्रँचायझीत घालण्याचा मोहही असाच असतो. घरच्या भांडवलावर तीन महिने विक्री करून, वहीत तीन महिन्यांची शिल्लक दिसल्यावरच बँकेची पायरी चढावी. तेव्हा ती वहीच सर्वांत चांगला प्रकल्प अहवाल ठरते.

मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचे आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचे नवे प्रकल्प घेतले जातात. शहरी भागात अनुदान सर्वसाधारण गटाला १५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय, दिव्यांग अशा विशेष गटांना २५ टक्के असते. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालतो. मराठा समाजातल्या उमेदवारांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठीच्या स्वनिधी योजनेत ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार असे तीन टप्पे आहेत. अर्ज महापालिकेमार्फत होतो. या कोणत्याही योजनेसाठी मध्यस्थाला टक्केवारी देऊ नये, आणि अनुदान आपल्या हातात रोख पडते या समजुतीतही राहू नये. ते कर्जखात्याशी जोडलेले असते.

फसवणूक

गरजू माणूस हेरणारे लोक फार आहेत. मोबाइलवर व्हिडिओ लाइक केल्याचे आधी दीडशे रुपये देतात आणि मग 'टास्क'साठी दहा हजार भरायला लावतात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत, तेव्हा 'विमानतळावर नोकरी' या नावाने गणवेशाचे, प्रशिक्षणाचे, पासचे पैसे मागणारा फोन आला तर तो तिथेच बंद करावा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहावे; त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. थायलंड, कंबोडिया किंवा म्यानमारमधल्या 'डेटा एंट्री'च्या नावाखाली तरुणांना सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणे घडली आहेत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

पुन्हा पगार सुरू झाल्यावर

नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्यावा, नवा काढू देऊ नये, आणि जुनी सेवा जोडण्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात करावा. पहिल्या तीन पगारांतून आधी ओळखीच्यांकडून घेतलेले हातउसने पैसे फेडावेत, रक्कम लहान असली तरी. बँक थांबते, पण ज्याने कागदाशिवाय विश्वासाने दिले त्याला फार थांबवू नये. मग घराच्या वहीतल्या डाव्या बाजूच्या सहा महिन्यांच्या बेरजेइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत उजवी बाजू उघडू नये. आम्हाला त्यासाठी दोन वर्षे लागली. सोसायटीचे हिशेब मी अजून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी लिहितो आणि रबाळ्याच्या त्या कारखान्याची माल मोजणी मार्चच्या अखेरच्या आठवड्यात रजा टाकून करतो; पत्नीच्या पोळ्यांची संख्या आता दीडशेवर गेली आहे.